सरासरी छत्तीस इंच

गायरानातून विमान उडवू देण्याबाबत ग्रामपंचायतीकडं अर्ज आला, तेव्हा रीतीप्रमाणं समिती नेमण्यात आली. साल दोन हजार तीन. अर्जदार रशीद मिस्त्री, पेठ वडगावच्या अलीकडच्या आमच्याच गावचा, हाडाचा कारागीर. एका जुन्या व्हॅनच्या इंजिनावर आठ वर्षं खपून त्यानं एका माणसापुरतं विमान बांधलं होतं. परवानगीचा दिल्लीचा कागद पाच वर्षांत आला. गावचा तेवढा राहिला होता. समितीचा सचिव मी. इतिवृत्त माझ्याच हातचं, त्यामुळं पुढं जे सांगतो ते सहीशिक्क्याचं समजावं.

पहिल्या बैठकीत रशीदनं विमानाच्या पंख्याची माहिती दिली. इंजीन मिनिटाला पाच हजार फेरे घेतं, मधल्या गिअरनं ते निम्मे होतात, म्हणून पंखा फिरतो अडीच हजारांनी. लाकडात स्क्रू घुसावा तसा तो हवेत घुसतो. एका फेऱ्यात जितका पुढं सरकेल ती त्याची पीच, आणि या गिअरला ती छत्तीस इंचच पाहिजे. जास्त ठेवली तर गगनबावड्याचा घाट टॉप गिअरला चढवल्यागत इंजीन गुदमरतं. कमी ठेवली तर नुसतं बोंबलतं, विमान जागचं हलत नाही. एवढं सांगून तो खाली बसला. इथंच त्याचं चुकलं. समितीपुढं तयार आकडा कधी ठेवू नये. मग समितीनं करायचं काय?

माजी सरपंच गणपतरावांनी छत्तीसला हरकत घेतली. उद्या शेजारच्या गावानं विमान केलं तर आपलं कमी दिसायला नको, अठ्ठेचाळीस करा, असं त्यांचं म्हणणं. झालं! गणपतराव अठ्ठेचाळीस म्हणाले म्हटल्यावर उपसरपंच कृष्णात चोवीसच्या वर जाईनात. तीन बैठका आणि एक सभात्याग झाल्यावर तोडगा निघाला. पंख्याला पाती दोन, गावात गट दोन. एक पातं अठ्ठेचाळीसचं, एक चोवीसचं. वर गणपतरावांनी रशीदच्या पाठीवर थाप मारली.

"सरासरी काढ की मिस्त्री. छत्तीसच येतीया. तुझ्याच आकड्यावर आणून ठेवलंय आम्ही."

रशीदनं हात जोडले. पाती सारखी नसली तर इंजीन हादरून विमानाचा खुळखुळा होईल, वाटल्यास दोन्ही अठ्ठेचाळीसची करतो, असं तो म्हणाला. त्यावर कृष्णातनं अर्जदार गणपतरावांच्या गटाचा असल्याची नोंद घ्यायला लावली. मी ती घेतली.

रशीदची आई इमामबी पंचायतीच्या दारात बसून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "भाकरी एका बाजूनं करपली आन् दुसऱ्या बाजूनं कच्ची ऱ्हायली, तर सरासरी भाजली म्हणायचं व्हय?"

विषयपत्रिकेवर भाकरी नसल्यानं प्रश्न वगळण्यात आला.

रशीदचं वय चोपन्न. दिल्लीच्या कागदाची मुदत मार्चअखेरपर्यंत. पुन्हा पाच वर्षं थांबायचं म्हणजे विमान कायमचं परसात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. त्यानं मुकाट्यानं सागवानाची फळी घेतली आणि ठरावाबरहुकूम पंखा कोरला. कोरताना डोळे पुसत होता म्हणतात. ते इतिवृत्तात नाही.

उड्डाणाला मांडव पडला, हलगी वाजली, फेटे बांधले गेले. आधी चाचणी म्हणून रशीदनं विमानाची शेपटी बाभळीला बांधली आणि आत जाऊन बसला. गणपतरावांनी नारळ फोडला, म्हणून कृष्णातनंही फोडला. इंजीन सुरू झालं. अर्धा मिनिट विमान अंगात आल्यागत घुमलं, मग बोल्ट तुटले आणि इंजीन पंख्यासकट एकटंच पुढं जाऊन उसात घुसलं. विमान बाभळीपाशीच राहिलं, नाक गेलेलं. रशीद आत तसाच बसून होता. टाळ्या मात्र बराच वेळ चालल्या.

चौकशी अहवालात उड्डाण पन्नास टक्के यशस्वी झाल्याचं नमूद आहे, कारण इंजीन गेलं. ते कुणाच्या पात्यानं गेलं, याबाबत दोन्ही गटांचे दावे प्रलंबित आहेत. इंजिनासोबत न जाऊन कामात कसूर केल्याचा ठपका चालकावर ठेवला आहे.

अहवालावर सही करताना रशीदनं मला एवढंच विचारलं, "सर, तुमी हायस्कुलात इज्ञान शिकवता. तुमास्नी म्हाईत हुतं न्हवं?"

होतं. पहिल्या दिवसापासून होतं. पण दोन गट कधी नव्हे ते एकमतावर आले होते, मध्येच तोंड घालून वाईट कोण होणार? आणि खोटं कशाला बोलू, काय काय तुटतंय ते बघायचीही हौस होती.

हसताय काय? सरासरी निघाली तेव्हाच तुम्हालाही कळलं होतं की हे विमान काही उडत नाही. तरी गप्प बसून, मजा बघत इथवर आलात. अशी जाणती माणसं आम्हाला लागतातच. उसातलं इंजीन बाहेर काढण्यासाठी नवी समिती केली आहे, तिच्यात तुमचं नाव घातलंय. सहीपुरतं या. तुमची कशालाच हरकत नाही, हे मी आधीच लिहून ठेवलंय.