अकरा मिनिटांच्या कुकीज

साप्ताहिकात छापलेली पाककृती चुकीची असणे शक्यच नव्हते, कारण ती वेलांटीकाकांनी तपासली होती.

वेलांटीकाका त्या साप्ताहिकाचे मुद्रितशोधक. सव्वीस वर्षांपूर्वी एका वेलांटीसाठी त्यांनी चालू छपाई थांबवायला लावली होती. तेव्हापासून कचेरीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही. शब्द स्त्रीलिंगी आणि माणूस पुल्लिंगी, ही एवढी एक चूक त्यांनी दुरुस्त न करता तशीच राहू दिली होती, कारण मनातून त्यांना ते नाव आवडत असे.

त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता संपादक त्यांच्या घरी चहाला येणार होते. इतक्या वर्षांत ते कधी आले नव्हते. शुक्रवारी जिना उतरताना ते एवढेच म्हणाले होते, "रविवारी येतो तुमच्याकडे. जरा बोलायचंय. इथे नको." दोन महिन्यांपूर्वी कचेरीत चुका शोधणारा संगणक आला होता आणि काकांना साठ पूर्ण व्हायला सहा आठवडे उरले होते. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की तिसरे काय येणार, हे कळायला मुद्रितशोधक असण्याची गरज नव्हती. दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी अशी काकांची फार इच्छा होती. घरी बसून ते काय करणार होते? घरात चुका काढल्या तर बायको मजुरी देत नसे, उलट ऐकवत असे.

"साहेबांना चहाबरोबर काय द्यायचं?" बायकोने विचारले. पुढच्या खोलीत ती शिलाई यंत्रावर गिऱ्हाइकाचे पडदे शिवत होती.

"चॉकलेटच्या कुकीज करतोय. ह्याच अंकात आल्यात. साहेबांच्या मिसेसचं सदर असतं ना, त्यात. त्यांच्याच घरचा पदार्थ समोर ठेवला की साहेब खूश."

"तुम्ही करणार?"

"त्यात करण्यासारखं काही नाहीच. ओव्हन नको, भाजणं नको. साखर, दूध, लोणी, कोको उकळायचं. त्यात पीनट बटर आणि ओट्स कालवायचे. चमच्याने कागदावर गोळे टाकायचे. थंड झाले की झाल्या कुकीज. मी ती कृती चार वेळा वाचलीये."

"वाचलीये," बायको म्हणाली आणि तिने यंत्र पुन्हा सुरू केले.

तीन वाजता काकांनी सगळे जिन्नस छापलेल्या क्रमाने ओट्यावर मांडले. 'चिमूटभर' या शब्दापाशी ते जरा थबकले, कारण चिमूट कोणाची ते दिलेले नव्हते. बाकी सगळे सुरळीत झाले. पातेल्यात साखर विरघळली, कोकोचा घमघमाट सुटला आणि उकळी फुटली. काकांनी घड्याळ लावले.

दोन मिनिटांनी पुढच्या खोलीतले यंत्र थांबले. ते थांबले की घरात काहीतरी चुकले आहे असे समजायचे. बायको दारात येऊन उभी राहिली.

"अजून उकळताय?"

"अकरा मिनिटं उकळायचंय."

तिने अंक उचलून ओळीवर बोट ठेवले. "उकळी फुटल्यावर ११ मिनिटे ढवळत राहावे." तिने पातेल्यात पाहिले, मग पुन्हा अंकात. "अहो, हे एक असणार. एकापुढे चुकून दुसरा एक पडलाय."

"चुकून पडला असता तर मला दिसला असता."

"अकरा मिनिटांत त्याचा दगड होईल."

"हे बघ," काका ढवळता ढवळता म्हणाले, "माणूस सहज लिहितो तेव्हा दहा लिहितो, पंधरा लिहितो. अकरा लिहायला विचार करावा लागतो. अकरा लिहिलंय म्हणजे अनुभवाने लिहिलंय."

"बरं," बायको म्हणाली. लग्नाला पस्तीस वर्षे झाल्यावर या एका शब्दात जितका मजकूर मावतो, तितका साप्ताहिकाच्या अख्ख्या अंकात मावत नाही.

सहाव्या मिनिटाला पातेल्यातले बुडबुडे जाड होऊन सुस्कारे टाकू लागले. नवव्या मिनिटाला काकांना दोन्ही हातांनी ढवळावे लागले. अकरावे मिनिट भरले त्या क्षणी त्यांनी गॅस बंद केला आणि पीनट बटर, ओट्स आत ढकलले. मिश्रणाने ते गिळले, एकदा चर्र केले आणि सगळे एका जागी बसले.

"चमचा सोडा बघू," बायको म्हणाली.

काकांनी सोडला. चमचा पातेल्याच्या मधोमध उद्गारचिन्हासारखा ताठ उभा राहिला.

पुढची वीस मिनिटे काकांनी उलथने आणि बायकोने हातोडी चालवली. पंधरा-सोळा खडे निघाले. कुकीज गोल असाव्यात अशी अपेक्षा होती, पण याही बाबतीत त्या स्वतंत्र विचाराच्या होत्या. एक खडा काकांच्या हातून निसटून फरशीवर पडला. आवाज असा झाला की बायकोने आधी फरशी तपासली.

पाचच मिनिटांत दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या मेट्रनबाई हातात पातेले घेऊन उभ्या होत्या. त्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच होता.

"तो आवाज आला तेव्हाच मला कळलं, तुमच्याकडेही ह्याच झाल्यात," त्या म्हणाल्या. "सकाळी मी केल्या. एकोणतीस वर्षं मोजून औषधं दिलीत मी, वेलांटी. अकरा लिहिलंय म्हटलं, अकरा मिनिटं दिली. आता हे पातेलं तुम्हीच घासून द्या. आणि माझ्या बहिणीला फोन करून सांगा काय ते, तिचं उलथनं मोडलंय."

पातेले ओट्यावर ठेवून त्या निघून गेल्या. दोन पातेली शेजारी शेजारी होती आणि दोन्हींत तोच काळा थर होता.

काका स्टुलावर बसले. आता ही घरातली गोष्ट राहिली नव्हती. अंकाचा खप चोवीस हजार होता. चोवीस हजार पातेली त्यांच्या डोळ्यांपुढे आली, एकावर एक रचलेली, आणि प्रत्येकात उभा एक चमचा.

"एकच होता गं," ते म्हणाले. "एकापुढे एक पडला आणि मला दिसला नाही. आता संगणकाचं बरोबर आहे म्हणायचं."

मी सांगितले होते, असे बायको म्हणाली नाही. त्यामुळे काकांना आणखीच वाईट वाटले. तिने उरलेली साखर, दूध, लोणी आणि कोको दुसऱ्या पातेल्यात घातले, उकळी फुटल्यावर मिनिटभर ढवळले आणि उतरवले. ओट्स कालवून भराभर कागदावर गोळे टाकले. पावणेपाचपर्यंत ते थंड होऊन छान चकचकीत, मऊ बसले.

"ह्या समोर ठेवा. त्या दगडांचं नावही काढू नका," ती म्हणाली.

पण काकांचा स्वभाव तसा नव्हता. दुसऱ्याची चूक त्यांनी कधी लपू दिली नव्हती, मग स्वतःची कशी लपवणार? संपादक येऊन बसले आणि चहाचा कप हातात आला तोच काकांनी खड्यांची बशी त्यांच्यापुढे ठेवली.

"साहेब, बोलायच्या आधी एक कबुली द्यायचीये. हे माझ्या चुकीचं फळ आहे."

संपादकांनी बशीकडे पाहिले. एक खडा उचलला, त्याची कड कपावर आपटून पाहिली, मग तो चहात बुडवून मनातल्या मनात काहीतरी मोजले आणि डाव्या गालात ठेवला. ही सगळी हालचाल इतकी सराईत होती की काका पाहतच राहिले.

"हुबेहूब," बऱ्याच वेळाने संपादक म्हणाले. "आमच्याकडे अगदी अशाच होतात."

"अशाच म्हणजे?"

"अशाच. तुमची काही चूक नाही. तिने अकराच लिहिलंय, माझ्यादेखत. आधी दहा लिहिलं होतं, मग विचार करून एक वाढवला."

काकांची मान ताठ झाली. बायकोकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले ती तिने पुढे कित्येक दिवस लक्षात ठेवली. तिने दुसरी बशी पुढे केली. संपादकांनी सवयीने त्यातलीही कुकी चहात बुडवायला घेतली, तर ती बोटांतच दबली. ते चपापले. त्यांनी ती तशीच तोंडात टाकली. मग दुसरी. पाचवीनंतर ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"किती मिनिटं, वहिनी?"

"एक."

"एकच," संपादक म्हणाले. "एकतीस वर्षं झाली आमच्या लग्नाला."

मग त्यांनी खिशातून पत्रांचा गठ्ठा काढला. सगळी त्या सदराबद्दलची होती. एक पत्र एका दातांच्या डॉक्टरांचे होते आणि त्यात मनापासून आभार मानले होते.

"ह्याच्यासाठी आलो होतो," संपादक म्हणाले. "शुद्धिपत्र छापायलाच हवं. पण कृतीच चुकीची होती असं छापलं तर मला घरी जाता येणार नाही. मुद्रणदोष झाला, असं छापलं तर सगळं निभावेल. म्हणजे, तुमच्या नजरेतून सुटलं असं."

"पण सुटलं नाहीये."

"ते मला माहीत आहे."

"मगाशी मी कबूल केलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, चूक नाही."

"मगाशी मी घाई केली. ती कबुली चांगली होती, तीच ठेवा." संपादकांनी सहावी कुकी घेतली. "मुदतवाढीचा कागद मी सोबत आणलाय. दोन वर्षं. चुका शोधायला संगणक आहे हो. चूक अंगावर घ्यायला माणूसच लागतो."

न केलेली चूक काकांनी जड मनाने स्वीकारली. शुद्धिपत्र त्यांनी स्वतः लिहिले: "गेल्या अंकात मुद्रणदोषामुळे १ मिनिटाऐवजी ११ मिनिटे असे छापले गेले." आपल्या हयातीत त्यांनी लिहिलेले हे एकमेव असत्य विधान, आणि त्यातलाही पूर्णविराम त्यांनी दोनदा तपासला.

अंक निघाला त्याच दुपारी घरी फोन आला. संपादकांच्या मिसेस होत्या. आवाज फार प्रेमळ होता.

"भाऊ, मनाला लावून घेऊ नका. चूक माणसाच्याच हातून होते. मी ह्यांना बजावलंय, तुम्हाला काढायचं नाही म्हणून. पण अहो, शुद्धिपत्रातच चूक झालीये. मूळचं अकराच बरोबर होतं. पुढच्या अंकात तेवढं परत अकरा करा."

काकांनी फोन ठेवला. यंत्र थांबले.

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारले.

"अकरा."

"आणि साहेब?"

"मागून साहेबांचा आवाज आला, मी ह्यात नाही."

काका कागद ओढून बसले. एका बाजूला चोवीस हजार पातेली होती, दुसऱ्या बाजूला एक संसार होता आणि मध्ये त्यांची दोन वर्षे होती. तासाभराने त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि कागद बायकोकडे दिला. पुढच्या अंकात, सदराच्या शेवटी, चौकटीत तो मजकूर जसाच्या तसा आला: "उकळी फुटल्यावर मिश्रण १ ते ११ मिनिटे, ज्याने त्याने आपापल्या दातांच्या मगदुराप्रमाणे, ढवळत राहावे."

कचेरीतल्या संगणकाने ते वाक्य तपासले. त्याला त्यात एकही चूक सापडली नाही.