गॅलागरांचं गोत्र

साखरपुडा तोंडावर आला होता, हॉलपासून मोदकांपर्यंत सगळं ठरलं होतं आणि गुरुजींनी फोनवर सहज विचारलं, "नवऱ्या मुलाचं गोत्र?"

अमेरिकेतल्या श्रूजबरीचे निवृत्त डॉक्टर गुरुनाथ किल्लेदार गडबडले. होणारा जावई शॉन गॅलागर, आयरिश घरातला. "त्यांच्यात गोत्र नसतं हो."

"हरकत नाही. माहीत नसेल तर काश्यप लावतो आपण. तुमचं कोणतं?"

"काश्यप," म्हणत गुरुनाथराव मटकन खुर्चीत बसले. सगोत्र!

"बाबा, सीरियसली?" उर्वीने कपाळाला हात लावला. "यू थिंक शॉन इज माय कझिन?"

पण उभा जन्म अमेरिकेत काढलेला माणूस मुलीच्या लग्नात जेवढा शास्त्राला धरून वागतो, तेवढा पुण्यातला भटजीही वागत नाही. गुरुनाथरावांनी विचार केला, आडनाव आहे म्हणजे मूळपुरुष असणारच. तो सापडला की त्याचंच गोत्र. त्यांनी व्याह्यांना फोन लावला.

डेनिस गॅलागर म्हणजे अग्निशामक दलातून निवृत्त झालेला माणूस. आडनावाचा अभिमान इतका, की दोन सिंहांचं कुलचिन्ह त्यांच्या भिंतीवर, कॉफीच्या मगावर आणि पायपुसण्यावरही होतं. ते विमानतळावरच्या दुकानातून आणलंय, हे कळल्यावर गुरुनाथराव बायकोजवळ पोटभर हसले होते. त्यांचे स्वतःचे पूर्वज किल्ला राखत असत. कुठला किल्ला, ते इतिहासालाही माहीत नव्हतं आणि गुरुनाथरावांनाही.

"आमच्या नावाआधी पूर्वी 'ओ' होता," डेनिस खुशीत सांगू लागले. "'ओ' म्हणजे वंशज. आम्ही आयर्लंडातल्या डोनेगलचे!" मग त्यांनी मूळपुरुषाचं नाव उच्चारलं. ते म्हणून बघताना गुरुनाथरावांची कवळी हलली.

"छान. पण खात्री? घरात कोणी जुनं माणूस?"

डॉक्टरांना रिपोर्ट पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. डेनिसनी उत्साहाने नव्वदीच्या पेग आत्याला विचारलं. आत्या शांतपणे म्हणाली, "तुझा आजा अनाथ होता रे. खानावळवाल्या गॅलागरबाईंनी सांभाळला. बहुतेक इटालियन असावा. तू कधी विचारलंच नाहीस."

डेनिसनी भिंतीवरचे सिंह उतरवले आणि फोन उचलणं बंद केलं. शॉनने उर्वीला कळवलं, 'डॅड म्हणतात, साखरपुडा पुढे ढकलू. सगळे गॅलागर हिरवे टाय लावून येणार, त्यांना तोंड कसं दाखवू?' उर्वी वडिलांशी एकच वाक्य बोलली. "यू फिक्स इट."

"चला त्यांच्याकडे," त्यांच्या पत्नी शोभनाताई म्हणाल्या. "आणि तुमच्या आजोबांचं सांगा."

"ते कशाला मध्ये?"

"कारण तेवढंच कामाचं आहे तुमच्याकडे."

डेनिसच्या दिवाणखान्यात भिंतीवर नुसता खिळा उरला होता. गुरुनाथरावांनी घसा साफ केला. "आमच्याकडे दत्तक गेलेल्या मुलाला त्या घराचं नाव, गोत्र, सगळं मिळतं. तुम्ही गॅलागरच."

"पुस्तकात ठीक आहे, डॉक्टर."

शोभनाताई नुसत्या खाकरल्या.

"माझे आजोबा दत्तक आले होते," गुरुनाथराव जमिनीकडे बघत म्हणाले. घराबाहेर हे ते पहिल्यांदाच बोलत होते आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "मूळचे कुंटे. किल्ला सोडा, कुंट्यांच्या घराला धड कुंपणही नव्हतं."

डेनिस हसू लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे तो किल्ला तुमचा नाहीच?"

"नाही."

"बसा, बसा! बिअर आणतो."

गुरुजींनी फोनवर दोन वाक्यांत निकाल लावला. "मूळपुरुष आहे ना? मग गॅलागर गोत्र. ठेवतो, मला एडिसन गावी मुंज लावायला जायचंय."

साखरपुडा थाटात झाला. हिरव्या टायवाल्यांनी मोदक संपवले. मानपानाच्या वेळी डेनिसनी व्याह्यांच्या हातात एक जड फ्रेम ठेवली. त्यात किल्लेदारांचं कुलचिन्ह होतं. दुकान तेच, सिंहही तेच, फक्त हिरव्याच्या जागी भगवा रंग.

फ्रेम आता श्रूजबरीच्या दिवाणखान्यात बरोबर मधोमध लटकते. परवा कोणीतरी विचारलं, "काका, हे काय हो?"

"आमच्या घराण्याचं चिन्ह," गुरुनाथराव म्हणाले. "किल्ल्यावर असायचं."

शोभनाताई चहा टाकायला आत गेल्या.