मॅमथांची दृष्ट

"या घरात धूर करायचा नाही," घरमालकीण फ्राउ क्रेमर यांनी किल्ल्या देतानाच बजावलं होतं. "जिन्यातला अलार्म फार हळवा आहे. आधीच्या भाडेकरूने स्टेक करपवला, तर फायर ब्रिगेड दारात. त्यांचं ठाणं कोपऱ्यावरच आहे."

"आम्ही शाकाहारी आहोत," स्वरूपा हसून म्हणाली आणि विषय तिथेच संपला.

खरं तर स्वरूपा सूचना हसण्यावारी नेणारी बाई नव्हती. अन्वी झाल्यापासून तर नाहीच. खिडकीच्या कडीपासून बाटलीच्या बुचापर्यंत डार्मश्टाट या जर्मन शहरातली एकूण एक वस्तू आपल्या नऊ महिन्यांच्या लेकीवर टपून बसली आहे, अशी तिची पक्की समजूत होती. नवरा गौरांग उपग्रहांवर लक्ष ठेवायच्या नोकरीत होता, पण घरात जास्त तीक्ष्ण नजर कोणाची, हे तोही जाणून होता. एवढ्या काळज्यांमधून तिने एकच काळजी सोडून दिली, आणि नेमकी तीच पेटली.

एप्रिलमध्ये दोन माणसं आली. एक सासूबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका लतिकाबाई, पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर. दुसरा समोरच्या फ्लॅटमध्ये डॅरेल. हा अमेरिकन, आणि माईन मॅमथ्स नावाच्या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघातला खेळाडू. लंबगोल चेंडू घेऊन, हेल्मेटं चढवून एकमेकांवर आदळायचं, तो खेळ. डॅरेल शिरला की लिफ्टमध्ये दुसऱ्या कोणाला जागा उरायची नाही. दाराच्या भोकातून तो गेल्याची खात्री करून मगच स्वरूपा बाबागाडी बाहेर काढायची.

एका शनिवारी संध्याकाळी मात्र तो जिन्यातच बसलेला सापडला. कपाळाला हात, दोन्ही डोळ्यांखाली काळे जाड फराटे.

"अगं बाई, केवढी तीट लावलीय याला!" लतिकाबाई म्हणाल्या. "आणि दोन्ही गालांना?"

"आई, ती तीट नाहीये. डोळ्यांवर ऊन चमकू नये म्हणून लावतात खेळाडू."

"ऊन?" लतिकाबाईंनी स्वेटरचं वरचं बटण लावत बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. "इथे?"

डॅरेलने मग आपलं दुःख सांगितलं. लांबून फेकलेला चेंडू झेलायचा आणि पळत सुटायचं, एवढंच त्याचं काम. पण सीझन सुरू झाल्यापासून चेंडू हातात यायचा आणि निसटायचा. संघ एकूण एक सामना हरला होता. पुढच्या सामन्यात चेंडू सुटला तर सरळ घरचं तिकीट, असं कोचने सांगितलं होतं.

"हातात येऊन सुटतो म्हणजे दृष्टच," लतिकाबाईंनी निकाल दिला आणि त्याच्याकडे वळल्या. "कम. सिट. ईस्ट."

"अहो आई, परक्या माणसाला कशाला..."

"परका कसला? समोर तर राहतो!"

मुख्याध्यापिकेच्या आवाजाला अनुवाद लागत नाही. डॅरेल निमूट स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पूर्वेकडे तोंड करून बसला. शेजारी उंच खुर्चीत अन्वी त्याच्याकडे टक लावून बघत होती. लतिकाबाईंनी मीठ, मोहऱ्या आणि पुण्याहून आणलेल्या लवंगी मिरच्या मुठीत घेऊन ओवाळायला सुरुवात केली. "आल्यागेल्याची, कोचाची, रेफरीची, समोरच्या टीमची..."

"भारतीय क्रीडा-उपचार," स्वरूपाने इंग्रजीत सांगितलं. तिला दुसरं काही सुचेना.

निखारे नव्हते, म्हणून मूठभर ऐवज विजेच्या शेगडीवरच्या तव्यात पडला. ती काचेची शेगडी तापायला सावकाश. बराच वेळ काहीच झालं नाही.

"बघ, ठसका नाही! केवढी दृष्ट असेल!" म्हणत लतिकाबाईंनी बटण शेवटपर्यंत पिळलं. खिडकी बंद होती. ती स्वरूपानेच बंद केली होती, अन्वीला वारा लागू नये म्हणून.

आणि मग ठसका आला. पाठोपाठ जिन्यातला अलार्म असा किंचाळला की सगळ्या इमारतीची दारं एकदम उघडली. डॅरेल उठला, त्याने अन्वीला उचललं, कोपराच्या बेचक्यात घट्ट बसवलं आणि पळत सुटला. दुसऱ्या मजल्यावर कुत्रं घेऊन निघालेल्या जोडप्याला त्याने बगल दिली, पहिल्या मजल्यावर कोणाची तरी सायकल ओलांडली, आणि दारातून पाइप घेऊन शिरणाऱ्या तीन फायरमनच्या मधून तिरका निघून हिरवळीवर जाऊन थांबला. मागून स्वरूपा एका पायात चप्पल घालून, घसा फोडून ओरडत आली.

अन्वी त्याचा कान धरून खिदळत होती.

"मी हिला सोडलं नाही," डॅरेल स्वतःच्याच हातांकडे बघत म्हणाला.

"सोडलं असतंस तर मी तुला सोडलं नसतं," स्वरूपा मराठीतच कडाडली आणि लेकीला ओढून घेतलं.

खोकत खोकत फ्राउ क्रेमर आल्या. "पुन्हा धूर दिसला तर घर रिकामं करायचं," त्या म्हणाल्या. "गेनाऊ, अगदी हेच मी सांगितलं होतं." स्वरूपाने दोनदा माफी मागितली. तान्हं मूल बघून नकार देणारी कितीतरी घरं फिरून झाल्यावर हे घर मिळालं होतं.

पुढच्या शनिवारी डॅरेलने आलेला प्रत्येक चेंडू झेलला आणि मॅमथ्स सीझनमधला पहिला सामना जिंकले. सोमवारी बेल वाजली. दारात डॅरेल, आणि त्याच्यामागे खालपर्यंत जिना भरून मॅमथ.

"यांनाही ईस्टला बसायचंय," तो म्हणाला.

"घरात नाही!" स्वरूपा ओरडलीच. "आई, घर जाईल आपलं!"

लतिकाबाई मात्र खिडकीतून अंगणात बघत होत्या. तिथे शेजारी ग्रिलवर सॉसेज भाजत होता. धुराचे लोट उठत होते आणि कोणी चकार शब्द काढत नव्हतं. "म्हणजे धूर यांना चालतो," त्या म्हणाल्या. "फक्त त्यावर सॉसेज हवं."

तेव्हापासून दर सामन्याआधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये ग्रिल पेटायचं. एका बाजूला सॉसेज, दुसऱ्या बाजूला मीठ-मोहऱ्या. अस्सल निखारे मिळाल्याने लतिकाबाईंचा हात मोकळा सुटला. मॅमथ्सही सुटले. तळाला पडलेला संघ जिंकत जिंकत थेट फायनलला पोचला.

"पण तुला चेंडू आता सुटत कसा नाही?" एकदा स्वरूपाने डॅरेलला बाजूला घेऊन विचारलं.

"प्रत्येक चेंडू म्हणजे अन्वी, असं समजतो," तो म्हणाला. "आणि तू ओरडत मागे येतेयस, असं."

हे तिने सासूबाईंना सांगितलं नाही.

व्हिसा संपला तो नेमका फायनलच्या आदल्या दिवशी. विमानतळावर लतिकाबाईंनी मिरच्यांची पुडी सुनेच्या हातात कोंबली. "उद्या तू काढायचीस."

"आई, माझा यावर विश्वास नाहीये हो."

"तुझ्या विश्वासाला कोण विचारतंय? मिरच्या जळल्या पाहिजेत."

शनिवारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस. ग्रिलचं तळं झालं. गौरांग अन्वीला घेऊन थेट स्टेडियमवर जाणार होता. खाली संघाची बस इंजीन चालू ठेवून उभी होती आणि जिन्यात पुन्हा मॅमथ. डॅरेल तर न सांगता स्टुलावर जाऊन पूर्वेला तोंड करून बसला होता.

"जमणार नाही रे," स्वरूपा काकुळतीला आली. "घर जाईल माझं."

तेवढ्यात मॅमथांची रांग दुभंगली आणि मधून फ्राउ क्रेमर वर आल्या. काखेत घडीची शिडी. स्वरूपाने पुडी पदर नसताना पदराखाली लपवल्यासारखी छातीशी धरली. "नाही हो फ्राउ क्रेमर, मी त्यांना नाहीच म्हणत होते..."

क्रेमरबाईंनी अलार्मखाली शिडी उघडली, वर चढल्या, एप्रनच्या खिशातून फुलाफुलांची शॉवर कॅप काढली आणि अलार्मला घट्ट बसवली. उतरल्या तेव्हा कुठे स्वरूपाला त्यांच्या गळ्यातला मॅमथ्सचा मफलर दिसला.

"पूर्ण सीझनचं तिकीट काढलंय मी," त्या म्हणाल्या. "ते सगळे पराभव भर थंडीत बसून पाहिलेत. आल्झो, चला तर मग, सुरू करा. बस थांबलीय."

"खिडकी उघडू ना?"

"अजिबात नाही. पहिल्या वेळी बंद होती."

स्वरूपाने डोळे मिटून ओवाळलं. सासूबाईंच्या यादीत तिने ऐनवेळी स्वतःची भर घातली, "पावसाची, निसरड्या गवताची, उघड्या जिन्याची..." मूठ तव्यात पडली आणि तळमजल्यापर्यंत सगळी इमारत खोकली. त्यात सर्वांत समाधानाने खोकल्या त्या फ्राउ क्रेमर.

फायनलचं शेवटचं मिनिट. मॅमथ्स पिछाडीवर. चेंडू पावसातून उंच गेला, आणि त्याच्याखाली डॅरेल एकटा.

"धर!" गच्च भरलेल्या स्टेडियममध्ये उभी राहून स्वरूपा मराठीत किंचाळली. "नीट धर! मान सांभाळ, मान!"

त्याने मान सांभाळली. दोन्ही हातांनी चेंडू छातीशी घेतला, कोपराच्या बेचक्यात बसवला, एकाला बगल दिली, दुसऱ्याला ओलांडलं, तिघांच्या मधून तिरका निघाला आणि रेषेपार गेला. असा गड जिंकला की बाकीचे खेळाडू चेंडू जमिनीवर आपटतात. डॅरेलने तो जोजवला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. क्रेमरबाईंनी गौरांगला मिठी मारली आणि त्याच्या कडेवरची अन्वी दोघांच्या मध्ये खिदळत राहिली.

स्वरूपाने तिथूनच पुण्याला फोन लावला. पलीकडे पहाट व्हायची होती, पण लतिकाबाई जाग्याच होत्या.

"ठसका आला होता का?"

"आला होता, आई."

"मग जिंकलेच असतील," म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

आता स्वरूपा डार्मश्टाटपासून दूर, गार्चिंगला राहते. मॅमथ्स खेळायचे ती लीग पुढे बंद पडली आणि डॅरेल आपल्या गावी शाळेतल्या मुलांना चेंडू झेलायला शिकवतो. क्रेमरबाई मात्र थांबलेल्या नाहीत. हल्ली त्या गल्लीतल्या हौशी संघाची दृष्ट काढतात. मिरच्या स्वरूपाच पोस्टाने पाठवते, आणि पाठवल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागत नाही. कारण बाईंचं वय झालंय, त्या खिडकी बंद ठेवतात, अलार्मवर अजून ती शॉवर कॅप आहे, आणि शनिवारी त्या फोन उचलत नाहीत.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक काम आहे. डार्मश्टाटला असाल तर शनिवारी दुपारी जरा तिकडे चक्कर मारा आणि तळमजल्यावर त्यांच्या दाराशी घटकाभर थांबा. आतून जोरदार ठसका ऐकू आला, तर खुशाल घरी जा. ऐकू आला नाही, तर मात्र प्लीज बेल वाजवा.