आचारसंहितेच्या काळातले परबकाका

निवडणूक जाहीर झाली की आमच्या मुलुंडच्या इमारतीत सगळ्यात आधी खचतात ते परबकाका. उभं कोण राहतंय, पडतंय कोण, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. त्यांचा प्रश्न एवढाच, की बंदुका किती दिवस आत राहणार. आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, अशी पद्धत आहे. परबकाकांच्या परवान्यावर तीन बंदुका. त्या ते धुतलेल्या चादरीत गुंडाळतात, मला खाली रिक्षा थांबवायला पिटाळतात आणि सावकाश जिना उतरतात. दारात उभ्या काकू म्हणतात, "लवकर या." हे त्या काकांना सांगतात की बंदुकांना, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

इथवर ठीक आहे. पण त्यानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता काका इस्त्रीचा शर्ट घालतात, कापडी पिशवीत तेलाची बाटली आणि फ्लॅनेलचा तुकडा टाकतात आणि पोलीस ठाण्यात जातात. बंदुकांना भेटायला.

पहिल्यांदा ते मला सोबत घेऊन गेले तेव्हा हवालदार जगदाळ्यांनी विचारलं, काय काम आहे. काका म्हणाले, तीन नग आत आहेत, बरे आहेत ना ते बघायला आलो. जमा केलेल्या मालाला हात लावता येत नाही असं जगदाळ्यांनी सांगितलं. काकांनी वाद घातला नाही. बाकावर तासभर बसले आणि उठून आले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी जगदाळ्यांची खुर्ची कुरकुरली, आणि काकांचा हात आपोआप पिशवीत गेला. खुर्ची झाली, मग कपाटाच्या बिजागऱ्या झाल्या, मग टेबलाचे खण, मग पंखा. दोन निवडणुकांत त्या ठाण्यात कुरकुरणारी वस्तू उरली नाही. शेवटी जगदाळ्यांनाच हात जोडून सांगावं लागलं, "काका, कोठडीचं दार तेवढं सोडा. उघडलं तरी कळत नाही आम्हाला."

काका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली, पण स्टोअर अंगातून गेलेलं नाही. "नोंद असलेली बरी" हे त्यांचं पालुपद. मी एकदा त्यांना स्क्रू-ड्रायव्हर दिला तर त्यांनी मला पावती दिली. त्यांची एक डायरी आहे, तीत काकू कधी आणि कशावरून रागावल्या त्याचीही नोंद असते. काकूंना ती डायरी वाचायची परवानगी आहे, आणि वाचल्यावर पुढची नोंद तयार होते.

बंदुका कुडाळकडच्या गावच्या. परवान्यावर कारण लिहिलंय शेतीसंरक्षण. आता मुलुंडला चौथ्या मजल्यावर कसली शेती? पण परवान्यावर खोटं राहायला नको, म्हणून काकांनी गॅलरीत शेती केली. मिरच्या, कढीपत्ता, आणि आंघोळीच्या जुन्या टबात भात. या शेतीला शत्रूही आहेत. कबुतरं तर आहेतच, शिवाय डोंगराच्या बाजूने अधूनमधून माकडं येतात. एकदा एक दांडगं माकड टबात बसून लोंब्या ओरबाडत होतं. आत कपाटात तीन बंदुका, आणि काका गॅलरीच्या दारात उभं राहून टाळ्या वाजवत होते. मी विचारलं तर म्हणाले, बंदूक उडवली तर लोक घाबरतील ना. त्यांनी मुलुंडला आल्यापासून एकही बार काढलेला नाही. रविवारी दहा वाजता तिन्ही बंदुका दिवाणावर मांडायच्या, पुसायच्या, तेल घालायचं आणि परत ठेवायच्या, एवढाच काय तो वापर.

म्हणूनच बंदुका आत गेल्या की काकांच्या हातांना काय करावं ते सुचत नाही, आणि मग छंद सुरू होतात. छंदाचा आकार निवडणुकीवर ठरतो. पोटनिवडणुकीला कागदाचे बगळे केले. विधानसभेला पाव भाजायला घेतले, आणि ती आचारसंहिता संपेपर्यंत आमच्या मजल्यावरच्या चारही घरांनी नाश्त्याला दगड खाल्ले. लोकसभा लांबलचक, म्हणून दुर्बीण घेतली. शनीची कडी शोधता शोधता ती समोरच्या इमारतीच्या दोरीवरच्या कपड्यांवर स्थिरावली आणि तिथल्या सेक्रेटरीबाई आमच्याकडे आल्या. काकांनी त्यांना डायरी दाखवली. त्यात तारीख, वेळ आणि "शनी दिसला नाही, टॉवेल दिसले" अशी प्रामाणिक नोंद होती. महापालिकेसाठी त्यांनी बासरी आणून ठेवली होती, पण महापालिकेची निवडणूक अशी काही लांबत गेली की बासरी कपाटात पडून राहिली. आधी वाजवायला हरकत नव्हती, पण ते त्यांच्या नियमात बसत नव्हतं. निकाल लागून बंदुका घरी आल्या की छंद त्या क्षणी बंद. पाव ओव्हनमध्ये होते ते काकूंनी काढले.

या सगळ्या छंदांत मला ओढलं जाई. मी बगळ्यांच्या घड्या दाबल्या, कणीक तिंबली, दुर्बिणीचा स्टँड धरला. एकट्याने काय मजा येते रे, असं ते म्हणत. माझी रविवारची झोप गेली ती गेलीच, आणि मी कित्येकदा वैतागलो, हेही सांगून टाकतो.

तीन बंदुकांपैकी एक आजोबांची, ठासणीची, पितळी पट्ट्यांची. दुसरी वडिलांची दुनळी, अजून झकास, बघणाऱ्याने बघत राहावं अशी. आणि तिसरी एकनळी, जिचा दस्ता चिरलेला, तारेने बांधलेला, आणि चाप ओढला तर मागे न येणारा. ही काकांच्या धाकट्या भावाची, वसंताची. वसंता गोवंडीला राहतो, पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. मुलुंडहून तासाभराचा रस्ता. पण दोघे भाऊ बारा वर्षं बोललेले नव्हते.

कारण मला काकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. गावी भातात रानडुकरं शिरत होती. दोघे भाऊ राखणीला बसले. झुडपात सळसळलं. काकांच्या हातात दुनळी, वसंताच्या हातात एकनळी. काका म्हणाले मार, आणि दोघांनी एकदमच चाप ओढले. डुकराला काही झालं नाही. शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीची मात्र चाळण झाली. सकाळी सगळी वाडी गोळा झाली तेव्हा काका म्हणाले, माझा नेम चुकत नाही, हे वसंताचंच काम. वसंता म्हणाला, माझी तर उडालीच नाही. काकांनी चारचौघांत त्याला खोटारडा म्हटलं. वसंताने बंदूक ओटीवर ठेवली आणि मिळेल त्या एस.टी.ने मुंबईला निघून गेला. पुढे त्याने परवान्याचं नूतनीकरणही केलं नाही. बंदूक काकांच्या नावावर करायच्या कागदावर सही करून त्याने तो पोस्टाने पाठवला, सोबत एक ओळसुद्धा नाही. इथे आल्यावर मात्र काकूंचं हसू थांबलं.

गेल्या खेपेला आम्ही चादर घेऊन ठाण्यात गेलो तेव्हा जगदाळ्यांनी काकांना बाजूला बसवलं. म्हणाले, नवा नियम आलाय, एका माणसाकडे दोनच. तीन जमा करून घेतो, पण परत दोनच मिळतील. तिसरी कुठली सोडायची ते निकालानंतर लिहून द्या. काकांनी पावती घेतली, तीनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

त्या वेळी पहिल्यांदाच काकांनी कुठलाही छंद घेतला नाही. निवडणूक नेमकी महापालिकेची, बासरीचं पारणं फिटायची वेळ, पण बासरी कपाटातून बाहेर आली नाही. काका नुसते दिवाणावर बसून राहत. भाताच्या टबात कबुतरं खुशाल चरत होती. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "नंदू, त्यांना काहीतरी करायला लाव रे. पाव चालतील मला." यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

मी त्यांना सुचवलं, मतदान घ्या. हे त्यांना पटलं. त्यांनी मतपत्रिका तयार केल्या, तीन चौकोनांत तीन बंदुका स्वतः काढल्या, आणि आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला एकेक दिली. कोणती सोडावी त्यावर फुली मारायची. डब्याच्या झाकणाला फट पाडून पेटी केली. अकरा मतं पडली आणि अकराच्या अकरा मोडक्या एकनळीवर. त्यातलं एक माझं. काकूंचंही त्यातच होतं, कारण फुली काजळपेन्सिलीने मारलेली होती. काकांनी मोजणी केली, डायरीत नोंद केली, आणि निकाल बंधनकारक नसल्याचं जाहीर करून पेटीत परत डाळ भरली.

निकालानंतरच्या रविवारी दहा वाजता आम्ही ठाण्यात पोचलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पिशवी सोबत होती. जगदाळ्यांनी तिन्ही बंदुका टेबलावर ठेवल्या आणि अर्ज पुढे सरकवला. काकांनी पेन काढलं आणि लिहिलं, दुनळी सोडत आहे.

जगदाळे म्हणाले, काका, चुकताय तुम्ही, तुमच्याकडची सगळ्यात भारी आहे ती. ही मोडकी घरी नेऊन काय करणार? मीही म्हणालो, काका, जरा विचार करा, वडिलांची आठवण आहे.

"वडील काय परत न्यायला येणार नाहीत," काका म्हणाले. "वसंता येईल."

मग त्यांनी पिशवीतून एक छोटी डबी काढली. आत काडतूस होतं, जुनं, न उडालेलं. त्याच्या बुडावर टोचा बसल्याची खूण होती, पण बार झालेला नव्हता. वसंता गेल्यावर चार महिन्यांनी काकांनी एकनळी तेल घालायला म्हणून उघडली, तेव्हा हे आत अडकलेलं सापडलं होतं. चाप ओढलेला होता, काडतूस फुसकं निघालं होतं. म्हणजे वसंता खरं बोलत होता. टाकी काकांच्या दुनळीने फोडली होती.

"बारा वर्षं डबीत आहे," काका म्हणाले. "सगळ्याची नोंद केली रे मी. याची नाही केली. लाज वाटली."

जगदाळे उगाच शिक्क्याची शाई तपासू लागले. मला माझ्या मताची लाज वाटली, आणि बारा वर्षं दर रविवारी दहाला हा माणूस त्या मोडक्या लाकडाला तेल घालत काय करत होता तेही कळलं. जगदाळ्यांनी डबी स्वतःकडे ओढली, फुसकं काडतूस बरोबर घेऊन फिरायचं नसतं म्हणाले, आणि न मागताच त्याची पावती लिहून दिली.

दोन बंदुका चादरीत गुंडाळून आम्ही बाहेर आलो. मी रिक्षा थांबवली, सोसायटीचं नाव सांगितलं. काका आत बसले आणि म्हणाले, सोसायटी नको, गोवंडी सांग. मी विचारलं, काका, परवान्यात बसतं का हे, बंदुका घेऊन असं भावाच्या दारात जाणं. परवाना मुंबईभर चालतो, असं म्हणून त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. पूर्ण रस्ताभर ते ओठ हलवत होते. घाटकोपर मागे पडलं तेव्हा मला कळलं की ते एकच वाक्य घोकताहेत.

पत्ता त्यांना पाठ होता. गल्लीत दुकान, दुकानामागे घर. दार वसंताने उघडलं. काकांसारखंच नाक, केस मात्र जास्त पांढरे. त्याने आधी भावाकडे पाहिलं, मग चादरीतून डोकावणाऱ्या नळीकडे. घोकलेलं वाक्य काकांना आठवलं नाही.

"टाकी मीया फोडलंय," ते म्हणाले. "तुजी उडाकच नाय."

"माका म्हायत आसा," वसंता म्हणाला.

आता त्याला माहीत असणारच, बंदूक त्याच्याच हातात होती. पण काका असे बघत राहिले, जणू ही शक्यता बारा वर्षांत त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. त्यांनी काडतुसाची पावती पुढे केली. वसंताने ती घेतली नाही. त्याने चादर बाजूला सारली, एकनळी ओळखली, आणि नळीवरून सावकाश बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं. ते त्याने निरखून पाहिलं.

"हिका तेल कोण घालता?"

"मीच," काका म्हणाले. "दर आयतवारी. धा वाजता."

वसंताने तोंड फिरवलं, लुंगीला बोट पुसलं, मग त्याच हाताने डोळेही पुसले आणि दारातून बाजूला झाला. काका आत गेले. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. काकांनी ते पाहिलं, जमिनीवर चादर अंथरली, पिशवीतून फ्लॅनेलचा तुकडा काढला, मधोमध फाडला आणि अर्धा भावापुढे धरला. मी बाहेर जाऊन रिक्षावाल्याला सांगितलं, थांबू नका, वेळ लागेल.