निचऱ्याच्या नळीला कॉक

पाणी अडवणारी माणसं जन्माला येतात; पाणी जाऊ देणारा माणूस घडवावा लागतो. तेलगावच्या सुंदररावांनी हे शिक्षण बासष्टाव्या वर्षी घेतलं.

त्यांची लेक रोहिणी पुण्यात घर बदलत होती. दोन महिन्यांसाठी तिने आपली काचेची टाकी आणि खाऱ्या पाण्यातले दोन नारंगी मासे वडिलांकडे पाठवले. जिवंत परत द्या, एवढीच तिची अट. सुंदररावांनी बैल, ऊस आणि सोसायटीची चेअरमनकी सांभाळलेली. दोन माशांचं काय एवढं? (ज्या भागात बोअरला खारं पाणी लागलं की घर सुतकात बसतं, तिथे हा गृहस्थ टँकरच्या गोड पाण्यात पिशवीने मीठ कालवताना दिसला. शेजारणींनी त्यांच्या पत्नीला, छबुबाईंना, बाजूला घेऊन विचारलं की यांना झोप लागते ना.)

टाकीची रचना साधी. वरच्या टाकीतलं पाणी नळीने खालच्या टाकीत उतरायचं, तिथून मोटर ते पुन्हा वर चढवायची. प्रवासात नळीचे सांधे तडकले होते. नवे निवडायला सुंदररावांनी स्वतःच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात बैठका झाल्या. लोखंडी सांधा मीठ खाऊन टाकेल म्हणून बाद, पितळी माशांना बाधेल म्हणून बाद. ठिबकचे जॉइनर घरोघरी पडलेले असल्याने बहुमत त्यांच्याकडे होतं. ते बोटाएवढे आणि नळी मनगटाएवढी, ही हरकत इतिवृत्तात नोंदवून घेण्यात आली. एकूण अभिप्राय एकतीस, पैकी मासे पाहिलेल्यांचे चार. अखेर हाताने फिरवून उघडणारे प्लॅस्टिकचे युनियन सांधे एकमताने मंजूर झाले. प्लंबर अजीजने ते पहिल्याच दिवशी आणून ठेवले होते.

त्याचं म्हणणं वेगळंच होतं. "काका, ह्या नळीला कॉक नको. हे पानी चालूच ऱ्हायला पायजे."

"बिनकॉकची नळी आपल्याकडं कुनी बसवतं का बे?" सुंदरराव म्हणाले.

कॉक बसला. त्यावर सुंदररावांनी स्वहस्ते लाल रंगाने 'बंद करू नये' असं लिहिलं आणि छबुबाईंना पाण्याच्या शिस्तीवर अर्धा तास मार्गदर्शन केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते आडवे झाले. डुलकीत पाणी वाहत असल्याचा आवाज आला. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हयात काढलेला माणूस हा आवाज झोपेतही माफ करत नाही. ते उठले, कॉक बंद केला, कुणाला किंमतच न्हाई म्हणाले आणि पुन्हा झोपले.

मोटर इमानाने पाणी चढवत राहिली. टाकी भरून वाहू लागली. छबुबाई आल्या तेव्हा एक मासा पलंगाखाली तडफडत होता. त्यांनी तो ओंजळीत उचलून टाकीत सोडला, कॉक उघडला.

"हे कुनी लिवलंय?" लाल अक्षरांकडे बोट करून त्यांनी विचारलं.

मासा तासभर कलंडून होता. रोहिणीला काय सांगायचं, याची वाक्यं सुंदरराव मनात जुळवत राहिले. मग मासा हलला, आणि त्यांना रडू आलं. (डोळ्यांत टाकीतलं पाणी उडालं, असा त्यांचा खुलासा आहे.)

चौकशी समितीच्या अहवालानुसार एकाही सांध्यातून थेंब गळलेला नाही. कॉक अजीजने काढून नेला. दोषी व्यक्तीचं नाव अहवालात नाही, कारण अध्यक्ष तेच होते.

वाचकांना हसू आलं असेल, तर हसावं. फक्त आत्ता तुमच्या मोरीतून पाण्याचा बारीक आवाज येतोय का, तेवढं ऐका. उठलात? बरं. आता बसा, आणि काय बंद करून आलात ते आठवा.