सोमणकाकांची बोट

आमच्या ऑफिसात मीटिंग ऐन रंगात आली की सोमणकाका मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचे, "पोचली." बस, एवढंच. आमचा मॅनेजर जॉर्डनचा. पहिल्यांदा त्याला वाटलं, अडकलेला कंटेनर आला. तो उठला, काकांच्या पाठीवर थाप मारून "शुकरन हबीबी" म्हणत त्याने आभार मानले. खरं तर पोचली होती ती इटलीजवळच्या एल्बा नावाच्या बेटावरून सुटलेली फेरीबोट. तिचा आमच्या कंपनीशी काडीचा संबंध नव्हता.

आमचं ऑफिस शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये. काका लॉजिस्टिक्स बघतात, मी डॉक्युमेंटेशन. राहतोही एकाच बिल्डिंगमध्ये, त्यामुळे मी त्यांच्याच गाडीतून जाते आणि वाटेत माझ्या लेकीला, ईराला, शाळेत सोडतो. जहाजं कुठवर आली ते दाखवणारं ॲप काकांना कामासाठी लागतंच. नकाशावर प्रत्येक जहाजाचा एक बाण. त्यातला एक निळा बाण काकांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. तो बेटावरून निघायचा, तासाभराने समोरच्या किनाऱ्याला टेकायचा आणि पुन्हा मागे फिरायचा. दिवसभर हाच उद्योग. बघून बघून मलाच गरगरायला लागलं, पण काका कंटाळले नाहीत. इथे मे महिन्यात स्टीअरिंगला हात लावला तर चटका बसतो, आणि हे म्हणायचे, "आज तिकडे वारा आहे. स्वेटर घातला असेल ना त्याने?"

त्याने म्हणजे मिहिरने. काकांचा एकुलता एक मुलगा. तो लहान असतानाच काकू गेल्या. काकांनी त्याला एकट्याने वाढवलं, डबे केले, अभ्यास घेतला. मुलगा होता म्हणून वेण्या तेवढ्या घालाव्या लागल्या नाहीत. हॉटेल मॅनेजमेंट करून तो क्रूझवर लागला आणि तिथून या फेरीच्या कँटीनमध्ये. मग बेटावरच्याच एका मुलीशी लग्न ठरवलं आणि बापाला व्हॉट्सॲपवर तारीख पाठवली. इथेच माशी शिंकली.

"विचारलं नाही, कळवलं," हे काकांचं पालुपद. सून परदेशी, याचं त्यांना काहीच नव्हतं. "मी वरबाप आहे. वरबापाला कळवतात का?"

तर वरबाप रुसले. "मी येणार नाही" असा मेसेज टाकला आणि वाट बघत बसले. आता आपल्याकडे वरबाप रुसतोच, त्यात नवल नाही. मग मुलीकडची चार माणसं येतात, हात जोडतात, आणि हा "एवढं म्हणताय तर येतो बापडा" म्हणत गाडीत बसतो. काकांनी कोट इस्त्री करून ठेवला होता. रजा मंजूर करून घेतली होती, अहो, व्हिसासुद्धा काढला होता. पण त्या बेटावरच्या लोकांना आपली ही पद्धत काय ठाऊक? बाप येणार नाही म्हणतो, म्हणजे येणार नाही. त्यांनी लग्न लावून टाकलं. मिहिरचा फोन आला नाही आणि काकांनी केला नाही. याला तीन वर्षं झाली.

एकदा गाडीत ईराने विचारलं, "बोट अंकल, व्हाय डोन्ट यू जस्ट कॉल हिम?"

"धाकट्याने आधी करायचा असतो, बेटा."

"बट ही थिंक्स यू डोन्ट लव्ह हिम."

मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण पोरगी खरं तेच बोलली होती. मीही एकदा वैतागून म्हटलं, "काका, तुमचा तो मानपान घाला चुलीत." तर दोन दिवस माझ्यावर रुसले. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले, आणि काका लगेच हसले. एवढ्याशाने हसणारा माणूस. मला त्या मिहिरचा राग आला आणि काकांचाही आला.

या जानेवारीत तो बाण थांबला. बोट गोदीत गेली. बोटींची वर्षाची दुरुस्ती असते, हे मला काकांनीच शिकवलेलं. पण आता ते कोणी त्यांना सांगायला गेलं तर ऐकेनात. डबा उघडेनात. "नोकरी गेली असेल का त्याची? आजारी असेल का?" तीन आठवडे हेच. एका सकाळी गाडी सुरू करताना म्हणाले, "मी जाऊन येतो." भाजीच्या जुडीचेसुद्धा दिरहॅमचे रुपये करून बघणाऱ्या माणसाने विमानाचं तिकीट काढताना हिशेब केला नाही.

"मिहिरला कळवलंत?" मी विचारलं.

"नाही. समोर उभा राहिलो की काय ते बोलेन."

"काय बोलाल?"

"चुकलो म्हणेन. बाप म्हणाला तर बिघडत नाही."

काका निघाले त्याच आठवड्यात बोटही सुरू झाली, आणि ऑफिसात त्यांच्या जागी मी तो निळा बाण बघत बसले.

सहा दिवसांनी काका परत आले. सकाळी नेहमीसारखी गाडी काढली. ईरा शाळेपाशी उतरली तसं मी विचारलं.

"काका, भेटला का?"

"बोट छान आहे," ते म्हणाले. "वर बसायला बाकं आहेत. मी चार फेऱ्या केल्या."

"आणि मिहिर?"

"तो नाही तिथे आता. दीड वर्षापूर्वीच सोडलं म्हणे."

दीड वर्ष. तेवढ्या काळात हा माणूस रोज किती वेळा "पोचली" म्हणाला असेल ते मला आठवायचंसुद्धा नव्हतं.

"मग कुठे गेला ते विचारलंत ना?"

"विचारणारच होतो. कँटीनला एक म्हातारा आहे, मिहिरबरोबर काम केलेला. फार चांगलं बोलत होता त्याच्याबद्दल. सगळेच बोलत होते. मी इंडियाचा म्हणून कॉफीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. म्हटलं, आता सांगावं, मी त्याचा बाप. तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हातारा म्हणाला, बिचाऱ्याला कोणी नाही हो. आई लहानपणीच गेली, आणि वडील लग्नाच्या आधी वारले."

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. बघवेना. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"सॉरी म्हटलं. कोणी गेल्याचं कळलं की म्हणतात ना, तसं."

"अहो, पण तुम्ही समोर उभे होतात. सांगायचं होतंत."

"आणि पोराला खोटं पाडायचं?" काका म्हणाले. "एवढ्या लोकांत?"