बाहेरून कुलूप

रविवारी सकाळी सात वाजता हाजराबींनी समोरच्या राठोडांच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मग दाराच्या फटीजवळ तोंड नेऊन त्या हळूच म्हणाल्या, "पारुबाई, अब आराम करो. शाम को पाच बजे खोलती मैं."

"व्हय व्हय, उघडा मग सावकाश!" आतून धर्मसिंगांचा आवाज आला. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असता, पण पारुबाईंनी वेळेवर त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

यात धर्मसिंगांचा दोष नव्हता. तेहतीस वर्षं त्यांनी एसटीत काढली होती आणि त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. गाड्या पुकारून पुकारून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की त्यांना हळू बोलणं म्हणजे काय हे समजत असे, पण जमत नसे.

धर्मसिंग आणि सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या पारुबाई एकाच वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी सांगितलं, "आता आराम करा." त्याला वर्ष झालं होतं. आधी लेक दिपाच्या बाळंतपणासाठी दोन महिने नागपूर. तिथून परत येतात तोच मुलगा रणजीतने पुण्यात घर बदललं, म्हणून सामान लावायला पुणे. मग ज्येष्ठ नागरिक मंडळाची रामेश्वर सहल. धर्मसिंग एसटीतले, तेव्हा माणसं मोजायचं काम साहजिकच त्यांच्याकडे आलं. एकूण बेचाळीस माणसं, आणि प्रत्येक थांब्यावर ती एकेचाळीस भरत. समुद्र नेमका कोणत्या बाजूला होता, हे धर्मसिंगांना अजून सांगता येत नव्हतं.

वसमतला परत आल्यावर पारुबाईंनी बीपी तपासायची मोफत सेवा सुरू केली. बुधवारी आणि शनिवारी, दहा ते बारा. पण बीपीला वार कळत नाही. लोक भांडण झालं की येत, जेवण जास्त झालं की येत, आणि काही तर नुसते रस्त्याने जाताना येत. त्यात रविवारी संगीत. समोरच्या नासेरभाईंनी कापडाचं दुकान मुलाच्या, साजीदच्या, हाती दिलं आणि तबला काढला. धर्मसिंगांनी पेटी घेतली. आणखी पाच जण मिळाले आणि सराव राठोडांकडे ठरला, कारण त्यांची बैठकीची खोली मोठी होती. चहाही चांगला होता.

"एक दिवस," गेल्या गुरुवारी पारुबाई म्हणाल्या होत्या, "वर्षात एक दिवस असा दाखवा, की घरात तुमी अन् मी दोघंच होतो."

धर्मसिंगांनी बराच विचार केला. "मला ताप आला होता तवा?"

"तवा तुमच्या तब्येतीची चौकशी करायला अकरा जण आले होते. त्यातल्या चौघांचं बीपी बघितलं मी."

लोकांना 'येऊ नका' म्हणणं दोघांच्याही रक्तात नव्हतं. तेव्हा नासेरभाईंच्या बायकोने, हाजराबींनी, तोडगा काढला: गावाला गेलो म्हणून सांगायचं, बाहेरून कुलूप, आत झोप. नासेरभाईंना मात्र सांगायचं नाही, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही. पारुबाईंनी गल्लीत सांगितलं, लातूरला लग्न आहे. रणजीतला सांगायचं काम धर्मसिंगांकडे होतं. ऐन वेळी त्यांना लातूर आठवेना, म्हणून त्यांनी नांदेडला डोळे तपासायला जातो असं सांगून टाकलं. मग दोघांनीही फोन बंद करून कपाटात ठेवले.

पहिला दीड तास सुखाचा गेला. पारुबाई आडव्या पडल्या. धर्मसिंग खुर्चीत बसले, उठले, दुसऱ्या खुर्चीत बसले.

साडेआठला बाहेर मोटारसायकल सुरू झाली. धर्मसिंगांनी खिडकीच्या फटीतून पाहिलं. साजीद गाडीवर होता आणि मागे हाजराबी बसत होत्या. "फरहीन के बच्चे को बुखार है," त्या दारातल्या नासेरभाईंना परभणीच्या लेकीबद्दल सांगत होत्या. "परभणी जाके आती मैं. दोपहर को खाना निकालके खा लेना."

गाडी गेली. हाजराबी गेल्या, पर्स गेली.

"पारू," धर्मसिंग शक्य तितकं हळू म्हणाले, "आपली किल्ली परभणीला चालली."

पारुबाई उठून बसल्या. मागचं दार अंगणात उघडत होतं, पण अंगणाला सात फुटी भिंत होती. ती धर्मसिंगांनीच हट्टाने वाढवून घेतली होती. ते पाण्याच्या ड्रमवर चढले. भिंतीपलीकडे शेजारच्या खेमाची म्हैस रवंथ करत उभी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग धर्मसिंगांनी आपल्या गुडघ्याचा विचार केला आणि पारुबाईंच्या खांद्याला धरून ते खाली उतरले.

"नासेरभाईला हाक मारू का?"

"अन् काय सांगणार? आमी लग्नाला गेलो, आमाला बाहेर काढा?" पारुबाई म्हणाल्या. "गप बसा. संध्याकाळी येतेत त्या."

त्यांनी खिचडीचे डाळ-तांदूळ भिजत घातले, कारण पोट भरलं की धीर येतो. तेवढ्यात बाहेर कडी वाजली.

"नर्सबाई! ओ नर्सबाई! मला चक्कर येऊन राहिली!"

तो देवला होता, पलीकडच्या गल्लीतला. पारुबाईंचा हात आपोआप बीपीच्या यंत्राकडे गेला. धर्मसिंगांनी तो धरून ठेवला.

"कुलूप दिखता नहीं क्या?" समोरून नासेरभाईंनी विचारलं. "लातूर गए. शादी है."

"मग मी जरा सावलीत बसतो," देवला म्हणाला आणि ओट्यावर टेकला. थोड्या वेळाने तो बिडी ओढत असल्याचा वास आत आला. पारुबाईंनी कपाळाला हात लावला. "परवाच सांगितलं होतं, बिडी बंद कर म्हणून!"

देवलाला सोबत म्हणून नासेरभाई येऊन बसले, तेव्हा पारुबाईंनी आत कुकर मंद गॅसवर चढवला. आणि दहाच्या सुमाराला या दोघांसमोर एक रिक्षा थांबली. तिच्यातून वांग्यांची पिशवी आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन सखुबाई उतरल्या.

फटीतून पाहणारे धर्मसिंग मागे सरले. "आक्का आली!"

सखुबाई म्हणजे धर्मसिंगांची थोरली बहीण. डोंगरकडा गावाजवळच्या बंजारा तांड्यात राहायच्या. आई लवकर गेली, तेव्हा धर्मसिंगांना त्यांनीच वाढवलं होतं. त्यांच्या शब्दाबाहेर धर्मसिंग आजवर गेले नव्हते.

"लग्नाला?" बाहेर सखुबाईंचा आवाज चढला. "कोणाच्या लग्नाला?"

"वो मालूम नहीं, बहनजी. रिश्तेदारी में बोले."

"लातूरला आपलं कोण हाय?" सखुबाईंनी बोटांवर नातेवाईक मोजले. "आपल्या चुलतभावाचा, प्रेमदासचा साडू हाय. त्याच्या पोरीचं असंल. म्हंजी नात्यात लग्न, अन् मला सांगावा न्हाई?"

त्यांनी धर्मसिंगांना फोन लावला. बंद. पारुबाईंना लावला. बंद. मग त्यांनी पुण्याला रणजीतला लावला आणि नासेरभाईंकडून स्पीकर चालू करून घेतला.

"लग्न? छे, आत्या. बाबा तर नांदेडला डोळे तपासायला गेलेत."

आत पारुबाईंनी नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती तपासायला डोळ्यांच्या डॉक्टरची गरज नव्हती.

"लातूर म्हणलं होतं ना मी?" त्यांनी दात आवळून विचारलं.

"ऐन टायमाला नांदेड तोंडात आलं. गाड्या पुकारायची सवय हाय."

"शादी भी और आँख भी," नासेरभाई बाहेर विचार करत म्हणाले. "और दोनों फोन बंद. कुछ तो गडबड है."

रणजीत घाबरला. त्याने दिपाला फोन लावला, दिपाने प्रेमदासला, आणि प्रेमदासने लातूरच्या साडूला विचारलं, की पोरीचं लग्न गुपचूप का उरकता. साडू म्हणाला, माझी पोरगी अकरावीत आहे. ही सगळी माहिती दहा मिनिटांत सखुबाईंच्या फोनवरून ओट्यावर परत आली आणि दारातून आतही आली.

"आता सांगून टाकू," धर्मसिंग म्हणाले.

"थांबा. जरा माणसं कमी होऊ द्या."

आणि त्या क्षणी कुकरने शिट्टी दिली.

कुकरला माणसांची परिस्थिती कळत नाही. शिट्टी लांब आणि खणखणीत होती. पारुबाई स्वयंपाकघराकडे धावल्या, पण त्या पोचेपर्यंत दुसरी झाली.

"आत कोण हाय?" देवला ताडकन उभा राहिला. त्याची चक्कर गेली होती.

"चोर!" नासेरभाई म्हणाले.

"चोर खिचडी लावते व्हय?" सखुबाईंनी विचारलं. दारातून वास येऊ लागला होता.

"भूखा चोर होगा. घर खाली देखा, बैठ गया आराम से." नासेरभाईंनी गल्लीकडे तोंड करून हाक दिली, "खेमा! पहार ला! राठोडसाब के घर में चोर!"

बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. दर रविवारचे पेटी-तबल्याचे सोबतीही त्यात होते. सराव नाही म्हणून कळलं होतं, तरी पाय सवयीने इकडे वळले होते. कोणी मागच्या भिंतीकडे पहारा द्यायला गेलं. कोणी चोर किती असतील याचा अंदाज करत होतं. देवलाच्या मते दोन शिट्ट्या म्हणजे चौघांचा स्वयंपाक.

सखुबाईंना चोराशी काही देणंघेणं नव्हतं. त्या ओट्याच्या कडेला बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "चोर काय नेऊन राहिले, नेऊ द्या," त्या म्हणाल्या. "माझा भाऊच मला परकी समजून राहिला, मग भांडेकुंडे राहिले काय अन् गेले काय. ह्याला मी कडेवर घेऊन फिरले. आता म्हातारी झाले, तर खोटं सांगून टाळते मला."

आत धर्मसिंग दाराला टेकून उभे होते. चोर म्हणवून घेणं त्यांना सोसलं असतं. लोकांनी हसणंही सोसलं असतं. पण आक्काचा तो बारीक झालेला आवाज त्यांना सोसेना. पारुबाईंनी हात वर करायच्या आत ते ओरडले, "आक्का! रडू नको! मी हितंच हाय!"

अख्खी गल्ली दचकली. खेमाची म्हैस उभी राहिली.

"या अल्ला!" नासेरभाई किंचाळले. "राठोडसाब को अंदर बांधके रखा है!" आणि त्यांनी पहारीचा असा घाव घातला, की कुलूप कोयंड्यासकट खाली आलं.

दार उघडलं. आत बनियन-लुंगीतले धर्मसिंग आणि त्यांच्यामागे हातात पळी घेतलेल्या पारुबाई उभ्या होत्या. लोकांनी आजूबाजूला पाहिलं. खाटेखाली पाहिलं. दोर नव्हता, चोर नव्हता.

"कोण हो?" देवलाने विचारलं. "कोणी कोंडलं तुमाला?"

धर्मसिंगांनी लुंगी सावरली आणि पारुबाईंकडे पाहिलं. शेवटी पारुबाई पुढे झाल्या.

"आमीच कोंडून घेतलं," त्या म्हणाल्या. "कोणाला तोडायचं म्हणून न्हाई. तुमी सगळे येता, बरं वाटते. पण आमी दमलो. एक दिवस नुसतं पडून राहायचं होतं. सांगायची लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. चुकलं."

जमलेली माणसं उंबऱ्याबाहेरच्या आपापल्या चपलांकडे बघत राहिली. मग देवला खाकरला. "मग बीपी बुधवारी बघू. दहा ते बारा."

सखुबाई उठल्या. भावासमोर येऊन उभ्या राहिल्या. धर्मसिंगांनी मान खाली घातली.

"लेकरा," सखुबाई म्हणाल्या, "मी काहून आले, विचार."

"काहून आली, आक्का?"

"घरी तीन नातवंडं, दोन सुना अन् तांड्यातल्या लग्नाला आलेले पावणे. चार दिस झाले, दुपारी पाठ टेकली न्हाई. म्हणलं, भावाच्या घरी शांतता असते. दोन दिस झोपून येते." त्यांनी गाठोडं पारुबाईंच्या हातात दिलं. "वाढ ती खिचडी. अन् आतल्या खोलीतला पंखा चालू हाय का?"

लोक हसत हसत पांगले. नासेरभाई मात्र तुटलेलं कुलूप हातात घेऊन उभेच होते. त्यांना एक प्रश्न पडला होता.

"राठोडसाब, अंदर तुम. तो बाहर से कुलूप किसने लगाया?"

धर्मसिंगांनी पारुबाईंकडे पाहिलं. पारुबाईंनी समोरच्या दाराकडे पाहिलं. नासेरभाईंनी फोन काढला.

"हाय अल्ला, चाबी!" पलीकडे हाजराबी ओरडल्या. "मेरे पर्स मेंच रह गई! दोनों खैरियत से हैं ना?"

"मतलब तेरे को मालूम था? और मेरे से छुपाया?"

"तुमको बोलती, तो पूरे बसमत को मालूम होता." हाजराबी पुढे म्हणाल्या, "अब निकलाच है, तो सुनो. अगले इतवार अपना नंबर है. पारुबाई बाहर से लगाएगी."

नासेरभाईंचा चेहरा खुलला. "अरे वा! हम दोनों आराम करेंगे!"

"दोनों नहीं. मैं अकेली," हाजराबी म्हणाल्या. "दुकान था, तब तुम दिनभर दुकान में रहते थे. एक साल से घर में हो, और तबला भी घर में है."

पुढच्या रविवारी सकाळी सातला पारुबाईंनी हाजराबींच्या दाराला बाहेरून नवं कुलूप लावलं. नासेरभाई तबला-डग्गा घेऊन राठोडांच्या ओट्यावर येऊन बसले. पण त्यांनी दिवसभर एकदाही थाप मारली नाही. दुपारी धर्मसिंगांनी विचारलं, "वाजवत न्हाई का?"

"आवाज उधर जाएगा," नासेरभाई म्हणाले. "सोई होगी."

बरोबर पाच वाजता धर्मसिंग किल्ली घेऊन समोर गेले. मागोमाग नासेरभाईही गेले. त्यांनी सकाळपासून दोनदा दाढीवरून कंगवा फिरवला होता. धर्मसिंगांनी कुलपात किल्ली घातली, तोच आतून आवाज आला, "भाईसाब, अभी नहीं. आधा घंटा और."

धर्मसिंगांनी किल्ली काढून घेतली. दोघं दाराच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने नासेरभाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"राठोडसाब, तुम्हारा आवाज बड़ा है. जरा पूछो ना, चाय बन रही है, तो मेरे को अकेले को अंदर लेती क्या."